तुम्ही विचारलंत म्हणून: मसाई मारातलं वासरू

केनियातल्या मसाई मारा अभयारण्याहून परत येऊन वर्ष होत आलं, तरी प्रश्न तोच. लग्नकार्यात भेटलेले पाहुणे, पेन्शनच्या रांगेतले जुने सहकारी, सगळे विचारतात, "डॉक्टर, सिंह किती दिसले?" आकडा सांगितला की पुढचा प्रश्न ठरलेला: "पण एवढा पैसा घालून आफ्रिकेला कशाला जायचं? वाघ ताडोबात आहे, सिंह गीरमध्ये आहे." प्रश्न रास्त आहे. उत्तर मात्र उभ्या उभ्या देण्यासारखं नाही, म्हणून "हौस होती" म्हणून मी विषय संपवत आलो. आज नीट सांगतो.

सिंह दिसले, चार दिवसांत सतरा. हत्ती, जिराफ, तरस, एकदा चित्तीण आणि तिची तीन पिल्लंही दिसली. पण मी गेलो होतो विल्डबीस्टसाठी, म्हणजे तिथल्या कळपाने फिरणाऱ्या, गुरासारख्या दिसणाऱ्या हरणासाठी. आणि विल्डबीस्टसाठी जावंसं वाटलं ते बुळकांडीमुळे.

आज चाळिशीच्या आत असलेल्यांनी बुळकांडी हा शब्द बहुधा ऐकलेलाही नसेल, आणि त्यांनी तो ऐकलेला नाही याचा मला फार आनंद आहे. गाई-म्हशींचा हा रोग. याचा विषाणू माणसाच्या गोवराच्या विषाणूचा सख्खा भाऊ. आधी सणसणून ताप, मग डोळ्यांतून आणि नाकातून धार. जनावराचं तोंड उघडून बघावं तर हिरड्यांवर कोंडा पसरल्यासारखे पांढुरके चट्टे. त्यानंतर हगवण लागायची, आणि तिचा वास एकदा नाकात बसला की जन्मात जात नाही. आठवड्या-दहा दिवसांत गोठा रिकामा व्हायचा.

मी 1979 साली पशुवैद्यकीय दवाखान्यात रुजू झालो. नोकरीची बरीच वर्षं माणदेशाच्या बाजूला गेली, खिल्लार जनावरांच्या मुलखात. बुळकांडीची लस गोठवून वाळवलेली असायची आणि ती थंडच ठेवावी लागायची. एकदा बाटली फोडून गार सलाइनमध्ये कालवली की तास-दोन तासांत संपवायची, नाहीतर ती निकामी. थर्मासमध्ये बर्फ भरायचा, एसटीने फाट्यापर्यंत जायचं आणि पुढे सायकल किंवा पायी. 1983 च्या उन्हाळ्यात एका वस्तीवर असाच निघालो होतो. वाटेत एसटी बंद पडली आणि तीन तास गेले. वस्तीवर पोचून थर्मास उघडला तर आत नुसतं कोमट पाणी. दावणीला पंधरा-वीस जनावरं बांधून माणसं वाट बघत उभी होती. ती लस टोचणं म्हणजे त्यांची फसवणूक झाली असती. मी बाटल्या तिथेच पुरल्या आणि परत येतो म्हणून सांगितलं. नवी लस मिळवून परत जायला चार दिवस लागले. तोवर एका शेतकऱ्याच्या खिल्लार जोडीतल्या डाव्या बैलाच्या डोळ्यांना धार लागली होती. आठवड्याभरात दोन्ही बैल गेले. बाकीच्या जनावरांना टोचलं, ती वाचली. त्या घराचा उंबरा चढायला मला पुढे बरीच वर्षं जड जात होतं.

आता आफ्रिका. तिथे बुळकांडी मुळात नव्हतीच. 1880 च्या दशकाच्या शेवटी इटलीच्या फौजेने एरिट्रियात गुरं आणली, त्यांच्याबरोबर ती शिरली. ती गुरं हिंदुस्थानातून नेलेली होती असं बरेच अभ्यासक मानतात. नेमक्या त्याच काळात, 1889 साली, याच रोगाने हैराण झालेल्या सरकारने पुण्यात जनावरांच्या रोगांची प्रयोगशाळा काढली. पुढे ती कुमाऊंमधल्या मुक्तेश्वरला गेली आणि आजची भारतीय पशुवैद्यकीय संशोधन संस्था (आयव्हीआरआय) झाली. आफ्रिकेत मात्र तेव्हा ना प्रयोगशाळा, ना लस, ना जनावरांच्या अंगात कसली प्रतिकारशक्ती. दहा वर्षांत रोग त्या खंडाच्या दक्षिण टोकापर्यंत पोचला. बहुतेक मुलखांत शंभरातली ऐंशी-नव्वद गुरं मेली. मसाई लोक पूर्णपणे गुरांवर जगणारे. गुरं गेली आणि मागून दुष्काळ आला, देवी आल्या. त्या काळाला ते 'एमुताई' म्हणतात, म्हणजे सगळं पुसून जाणं. जंगलातले रेडे आणि विल्डबीस्टही तसेच मेले.

या रोगाची चांगली, स्वस्त आणि आयुष्यभर पुरणारी लस शेवटी तयार झाली ती केनियातच, नैरोबीजवळच्या मुगुगाच्या प्रयोगशाळेत. वॉल्टर प्लाउराइट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वासराच्या मूत्रपिंडाच्या पेशींवर हा विषाणू नव्वदएक वेळा वाढवून इतका सौम्य केला, की तो जनावराला आजारी न पाडता त्याचं संरक्षण करू लागला. ते साल 1960 च्या आसपासचं. या कामासाठी प्लाउराइटना 1999 साली जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. माणदेशातल्या त्या वस्तीवर मी पोचवत होतो ती याच घराण्यातली लस. रोग आपल्याकडून तिकडे गेला असेल तर लस तिकडून आपल्याकडे आली. नैरोबीहून माराकडे जाताना नारोकच्या वाटेला लागलं की मुगुगा फार लांब राहत नाही. चालकाला मी गाडी दोन मिनिटं बाजूला घ्यायला सांगितली. बघण्यासारखं काही नव्हतं, झाडं आणि ढगाळ सकाळ. नुसतं उतरून उभं राहावंसं वाटलं.

केनिया-टांझानियाच्या सीमेवरच्या सेरेंगेटी-माराच्या माळावर त्यानंतर जे झालं ते मी निवृत्तीनंतर वाचलं आणि दोन रात्री झोप आली नाही. जंगलाभोवतीच्या मसाईंच्या गुरांना लस टोचली. विल्डबीस्टना कोणी हातही लावला नाही. तरी 1963 च्या सुमारास त्यांच्यातला रोग आपोआप नाहीसा झाला. तोवर लोक समजत होते की जंगली जनावरंच रोग साठवून ठेवतात. खरं उलटंच होतं, रोग गुरांकडून त्यांच्याकडे जात होता. विल्डबीस्टची वासरं दरवर्षी ठरावीक वयात मरायची. आईच्या चिकातून मिळालेलं संरक्षण सात-आठ महिन्यांत संपतं, त्यानंतर रोग त्यांना गाठायचा. ते थांबलं आणि 1961 च्या मोजणीत अडीच लाखांच्या आसपास असलेले विल्डबीस्ट 1977 पर्यंत तेरा लाखांवर गेले. एवढ्या तोंडांनी गवत खाल्लं, म्हणून उन्हाळ्यातले वणवे कमी झाले. वणवे कमी झाले म्हणून झाडांची रोपं टिकली. सिंह आणि तरसंही वाढली. टीव्हीवर आपण जे महास्थलांतर डोळे विस्फारून बघतो, त्याच्या मुळाशी गुरांच्या मानेत टोचलेली सुई आहे. असल्या सुया मी हजारोंनी टोचल्या. त्याचं टोक इथवर येतं हे मला कोणी सांगितलंच नव्हतं. ते बघायला गेलो होतो.

जाण्याआधी मलाही सुई टोचून घ्यावी लागली. पिवळ्या तापाची लस निघण्याच्या किमान दहा दिवस आधी घ्या आणि तो पिवळा दाखला पासपोर्टबरोबर ठेवा, नाहीतर परत येताना विमानतळावरूनच विलगीकरणात जावं लागतं. जाणाऱ्यांना आणखी एक सांगतो: स्वेटर न्या. विषुववृत्त जवळ असलं तरी मारा समुद्रसपाटीपासून दीड हजार मीटरच्या वर आहे आणि पहाटे दात वाजतात.

मसाई मारा राखीव क्षेत्र साधारण 1,510 चौरस किलोमीटरचं. दक्षिणेला टांझानियाचं सेरेंगेटी त्याच्या जवळपास दहापट आहे, मध्ये कुंपण नाही. पावसामागे आणि गवतामागे कळप वर्षभर फिरत असतात. फेब्रुवारीच्या सुमारास दक्षिण सेरेंगेटीत विणं होतं. तिथल्या ज्वालामुखीच्या राखेच्या जमिनीतलं आखूड गवत कॅल्शियम आणि फॉस्फरसने भरलेलं असतं. ओल्या बाळंतिणीला यापेक्षा चांगला खुराक कोणता द्यायचा? जुलैपासून ऑक्टोबरपर्यंत कळप मारात असतात. आम्ही सप्टेंबरात गेलो.

पहिल्या सकाळी धुकं विरलं तेव्हा समोरचा माळ काळा दिसत होता. मला वाटलं वणव्याने जळलाय. मग तो काळा रंग हलला. मान खाली घालून चरणारी जनावरं, नजर पोचेल तिथपर्यंत, आणि सगळ्यांचा मिळून एक घुमारा, बेडकांच्या डबक्यासारखा. मधूनच माळावर एकटं उभं झाड, आपल्या हिंगणबेटाच्या गोतातलं. ही शेजारी बसून काहीतरी बोलत होती, ते मला ऐकूच आलं नाही.

नदी ओलांडण्याचा प्रसंगही बघितला, पण त्याबद्दल बोलताना माझा जीव कासावीस होतो. मारा नदीच्या काठाला चाळीसेक गाड्या लागल्या होत्या. कळप उताराशी यायचा, गाड्या बघून मागे फिरायचा, पुन्हा यायचा. शेवटी एका घसरड्या, उभ्या जागेवरून उतरला. दरवर्षी या नदीत सहा हजारांच्या आसपास विल्डबीस्ट बुडतात. त्यांच्यावर मासे, गिधाडं, मगरी जगतात, निसर्गाचा तो हिशेब मला मान्य आहे. पण त्या हिशेबात आपल्या गाडीने भर घालू नये. तुम्ही गेलात तर चालकाला पहिल्याच दिवशी सांगा की आम्हाला पुढची जागा नको, कळपाची वाट मोकळी ठेव. तो ऐकतो. पैसे देणारा काय मागतो यावरच तिथलं सगळं ठरतं.

दुसऱ्या दिवशी मी चालकाला म्हटलं, आज सिंहामागे जायचं नाही, एका कळपाजवळ थांबायचं. त्याला नवल वाटलं. तो मसाई, तिशीतला, घरी चाळीस गुरं. मी माझं काम सांगितलं आणि बुळकांडीसाठी स्वाहिलीत शिकून गेलेला शब्द उच्चारला, "सोतोका." त्याने इंजिन बंद केलं आणि मागे वळला. त्याच्या आजोबांनी त्याला त्या साथीबद्दल नावानिशी सांगितलेलं होतं. मग आम्ही दोघं तासभर गुरांवर बोललो. विल्डबीस्ट वितात त्या दिवसांत त्यांच्या माळावर गुरं नेत नाहीत, कारण नुकत्या जन्मलेल्या वासरांकडून गाईंना एक जीवघेणा ताप लागतो. हे मसाईंना पिढ्यान् पिढ्या ठाऊक होतं. त्यातला विषाणू प्लाउराइटनीच मुगुगात शोधला. हे मी त्याला सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "म्हणजे आमचे म्हातारे बरोबर होते." अगदी बरोबर होते.

राखीव क्षेत्राबाहेर लोइटाच्या बाजूला माळावर कुंपणं आणि गव्हाची शेतं झाली, तिथले विल्डबीस्ट फार घटले, हेही त्यानेच सांगितलं. काही ठिकाणी मसाई कुटुंबं आपली जमीन एकत्र करून वन्यजीवांसाठी भाड्याने देतात आणि आळीपाळीने गुरंही चारतात. त्याचंही घर त्यात आहे. भाडं दरमहा येतं म्हणाला. मला हा मार्ग पटला. गुरं आणि जंगली जनावरं एका गवतावर राहू शकतात, फक्त गुरं निरोगी हवीत.

त्या तासाभरात एक वासरू गाडीच्या इतकं जवळ आलं की त्याच्या पापण्या मोजता आल्या असत्या. फेब्रुवारीत जन्मलेलं, म्हणजे सात महिन्यांचं. अंगावरचा जन्माचा बदामी रंग कधीच जाऊन करडा आला होता. शिंगं अजून आखूड, वाक धरायला नुकती लागलेली. मी सवयीने बघत गेलो. डोळे लखलखीत, कडेला चीप नाही. नाकपुड्या स्वच्छ. शेपटीखालचा भाग कोरडा. कुशी भरलेली. आई बाजूला बसून रवंथ करत होती. हेच ते वय, ज्या वयात ती मरायची. मी दुर्बीण खाली ठेवली, कारण तिच्यातून नीट दिसेना.

2001 साली केनियातल्याच मेरू राष्ट्रीय उद्यानातल्या रेड्यांमध्ये बुळकांडी शेवटची सापडली. 2011 साली ती जगातून संपल्याचं जाहीर झालं. देवीनंतर माणसाने पृथ्वीवरून पुसलेला हा दुसरा रोग, तिसरा अजून नाही. आमच्या दवाखान्यात त्या दिवशी ना पेढे वाटले गेले, ना कोणाला काही सांगितलं गेलं. लाळ-खुरकूतच्या लसीकरणाची घाई होती.

परत आल्यावर मोबाइलमधले फोटो मी खूप जणांना दाखवले. सगळे सिंहाशी थांबतात आणि वासराचा फोटो बोटाने पुढे सारतात. गेल्या महिन्यात त्या वस्तीवर गेलो होतो. 1983 साली ज्यांची जोडी गेली ते आता नाहीत, त्यांचा मुलगा आहे, साठीला आलेला. तेव्हा तो कासरा धरून उभा होता. त्याला सगळं सांगितलं, बुळकांडी आफ्रिकेतही कशी आली होती ते, आणि कशी गेली तेही. मग फोटो दाखवला. त्याने चष्मा लावला, दोन बोटांनी फोटो मोठा केला आणि बराच वेळ बघत राहिला.

"डोळं निवळ हायेत," तो म्हणाला. "नाकालाबी काय न्हाई."