केसपेपरवरील कोरी जागा

इंदूरमधील लहान-मोठ्या रुग्णालयांना मी वैद्यकीय दाव्यांबाबत कायदेशीर सल्ला देतो. २०२१ च्या ऑगस्टमध्ये अशाच एका खासगी रुग्णालयाच्या संचालक डॉक्टरांनी मला तातडीने बोलावून घेतले. एप्रिलच्या कोविड लाटेत दगावलेल्या एका रुग्णाच्या मुलाने वकिलामार्फत नोटीस पाठवली होती. वडिलांना रेमडेसिव्हिर वेळेवर मिळाले नाही आणि शेवटच्या रात्री ऑक्सिजन खंडित झाला, असे दोन आरोप तिच्यात होते.

पहिल्या आरोपाची मला फारशी काळजी वाटली नाही. औषधाच्या मागणीपत्रांच्या प्रती तारखांसह फाइलीत होत्या, शिवाय जागतिक आरोग्य संघटनेने नोव्हेंबर २०२० मध्येच या औषधाच्या विरोधात सशर्त शिफारस केलेली होती.

ऑक्सिजनचा प्रश्न मात्र गंभीर होता. जंबो सिलिंडरमध्ये साधारण ७,००० लिटर ऑक्सिजन मावतो; हाय-फ्लोवरच्या, म्हणजे नाकातून जोरदार प्रवाहाने ऑक्सिजन दिल्या जाणाऱ्या रुग्णाला तो मिनिटाला ६० लिटरने लागत असेल, तर एक सिलिंडर दोन तासही पुरत नाही. म्हणजे रात्रीतून अनेकदा सिलिंडर बदलणे आले, आणि प्रत्येक बदल ही जोखीमच. परिचारिकेने लिहिले होते, ‘२.१० – सिलिंडर बदलला. सॅच्युरेशन ८१. ड्यूटी डॉक्टरांना कळवले. २.१८ – ८८.’ दुहेरी हातमोजे घालून लिहिलेले ते अक्षर वेडेवाकडे होते, पण वेळा स्पष्ट होत्या. डॉक्टरांच्या नोंदींचे पान मात्र मध्यरात्रीपासून पहाटे पाचपर्यंत कोरे होते.

“वकीलसाहेब, तो ड्यूटी डॉक्टर अजून आमच्याकडेच आहे. त्याला सगळं आठवतंय. तेवढं पान आज भरून घेऊ का?” संचालकांनी विचारले. त्यांचा हेतू वाईट नव्हता. त्या रात्री ड्यूटी डॉक्टर शेजारच्या खाटेवरील रुग्णाला व्हेंटिलेटरवर घेत होता, हे खरेच होते.

“नाही, डॉक्टरसाहेब. केसपेपरला आता हात लावायचा नाही,” मी म्हणालो. त्याने आठवते ते आजच्या तारखेने वेगळ्या निवेदनात लिहून सही करावी, असे मी सुचवले. कोऱ्या जागेचे कारण देता येते. मागाहून भरलेली जागा उघडकीस आली, की परिचारिकेच्या प्रामाणिक नोंदीवरही कोणी विश्वास ठेवत नाही.

जेकब मॅथ्यू खटल्यातही रिकाम्या ऑक्सिजन सिलिंडरचाच आरोप होता, हे मी त्यांना सांगितले. सर्वोच्च न्यायालयाने २००५ मध्ये डॉक्टरवरील फौजदारी कारवाई रद्द केली. रुग्णालयाच्या दिवाणी जबाबदारीचा प्रश्न मात्र मोकळा ठेवला. आमच्यासमोरचा प्रश्न नेमका तोच होता.

इन्डेम्निटी पॉलिसीनुसार, म्हणजे अशा दाव्यांच्या भरपाईसाठी रुग्णालयाने काढलेल्या विम्यानुसार, नोटिशीची माहिती विमा कंपनीला त्याच दिवशी ईमेलने कळवली. कंपनीच्या संमतीवाचून दायित्व मान्य करायचे नाही, अशी त्या पॉलिसीत अट होती. त्यामुळे नातेवाइकांशी बोलूच नये, असे डॉक्टरांना वाटत होते. मला ते मुळीच पटले नाही. नातेवाइकाने मागणी केल्यावर ७२ तासांच्या आत कागदपत्रे देणे वैद्यकीय आचारसंहितेनुसार बंधनकारक आहे. ती द्यायचीच, तर समोर बसून समजावून का देऊ नयेत?

संध्याकाळी रामबागेतून मुलगा त्याच्या वकिलांसह आला. नोंदी वाचून तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, “सिलिंडरचं आम्हाला वॉर्डबॉयकडून कळलं हो. आई रात्रभर फोन हातात धरून बसली होती. एक फोन नाही करता आला?”

याचे उत्तर फाइलीत नव्हते. डॉक्टर म्हणाले, “फोन करायला माणूस नव्हता. पण कळवायला हवं होतं.” विमा कंपनीला हे वाक्य कदाचित रुचले नसते, मला ते योग्यच वाटले. नोटीस त्या दिवशी मागे घेतली गेली नाही. त्या आठवड्यात केसपेपरवर एक नवा रकाना मात्र छापून आला: नातेवाइकांना फोन कोणी केला, किती वाजता केला आणि काय सांगितले.