गवताच्या शेतातून एका रांगेत

शर्यत चालू असताना कुणाच्या पुढं जायचं नाही, असा नियम मी पहिल्यांदाच पाळला, आणि त्या दिवसापासून डोक्यात तेच घोळतंय.

इंग्लंडमधल्या यॉर्कशायर डेल्समधली ट्रेल रन, म्हणजे डोंगरवाटांवरची शर्यत. सुमारे ४० किलोमीटर, तीन डोंगर, महिना जूनचा. पहिला डोंगर उतरल्यावर वाट एका वैरणीच्या शेतात शिरली. मांडीपर्यंत गवत, त्यात पिवळी-जांभळी फुलं, आणि फाटकावर छोटी पाटी: एका रांगेत चाला. सकाळी सूचना देतानाच आयोजकांनी बजावलं होतं की गवतात पाय घालून ओव्हरटेक करणाऱ्याला तिथंच शर्यतीतून काढलं जाईल. माझ्या मागं एक उंचापुरा गडी होता. उतारावर तो एकेकाला मागं टाकत आला होता. शेतात शिरल्याबरोबर त्यानं वेग आवरला आणि पार पलीकडच्या दगडी भिंतीपर्यंत माझ्या मागून मुकाट्यानं आला. भिंत ओलांडली आणि मग सुटला. चाळीस-पन्नास माणसं त्या शेतातून माझ्या डोळ्यांसमोर गेली असतील. एकानंही गवताची काडी मोडली नाही.

मला त्या शेतात पळायला शिकवावं लागलं नाही. भाताच्या बांधावरून डोक्यावर भाकरीची बुट्टी घेऊन शेताकडं जाणाऱ्या पोरी आम्ही. पाय कुठं ठेवायचा हे आमच्या अंगातच असतंय. भात पोटरीत असताना बांधावरून पाय घसरला तर आजी आधी भाताकडं बघायची, मग माझ्याकडं. इथल्या लोकांना हे पाटी लावून सांगावं लागतं, असं क्षणभर वाटलं खरं. पण पुढचे कितीतरी किलोमीटर मी वेगळाच विचार करत होते. ते शेत कुणाच्या तरी मालकीचं होतं. त्याच्या उभ्या वैरणीतून तीनेकशे माणसं पळत गेली, आणि मालक फाटकापाशी हाताची घडी घालून बघत उभा होता. शर्यत म्हणून आयोजकांनी त्याला आधी विचारलं होतं, पण एरवी रोज चालणाऱ्याला विचारायचीही गरज नाही. ती वाट मालकाची नाहीच.

हे जरा सविस्तर सांगते, कारण आपल्या बेळगावच्या पश्चिम भागातल्या माणसाला यातलं अक्षरन् अक्षर कामाचं आहे.

इंग्लंड आणि वेल्समध्ये अशा सार्वजनिक वाटा जवळजवळ सव्वादोन लाख किलोमीटर भरतात. जमीन खासगी, वाट सगळ्यांची. १९४९ च्या कायद्यानं काउंटी कौन्सिलांना, म्हणजे तिथल्या जिल्हा परिषदांना, या वाटांचे अधिकृत नकाशे करायला लावले. वाट एकदा त्या नकाशावर चढली की ती आहे, याला दुसरा पुरावा लागत नाही. शेत विकलं, भावाभावांत वाटणी झाली, मालक बदलला, तरी वाट तिथंच. दुकानात मिळणाऱ्या मोठ्या नकाशावर ती हिरव्या तुटक रेषेनं दाखवलेली असते, आणि तो नकाशा कुणीही विकत घेतं. मालकाला शेत नांगरायला बंदी नाही. पण शेताच्या मधून जाणारी पायवाट नांगरली, तर १४ दिवसांत ती पुन्हा चालण्याजोगी करून द्यायची, रुंदी किमान १ मीटर. पीक वाढलं तरी तेवढी पट्टी मोकळी ठेवायची. आणि वाट शेताच्या कडेनं जात असेल तर तिला नांगर लावायचाच नाही. कायद्यात दिवस मोजून लिहिलेत, मीटर मोजून लिहिलेत. मला या देशाचं खूप काही आवडत नाही. पण हे वाचलं त्या रात्री मी दादाला फोन करून सगळं पुन्हा पुन्हा सांगितलं.

हे त्यांना कुणी दान केलेलं नाही. २४ एप्रिल १९३२ ला मँचेस्टर भागातले कामगार तरुण हेफील्ड गावातून किंडर स्काउट नावाच्या पठारावर चढून गेले. पठार जमीनदारांनी शिकारीचे पक्षी पाळायला राखलेलं, सामान्य माणसाला मज्जाव. वर पहारेकऱ्यांशी झटापट झाली. त्यांचा पुढारी बेनी रॉथमन विशीतला पोरगा. त्याला चार महिन्यांची शिक्षा झाली, आणखी चौघांना तुरुंगात पाठवलं. डोंगरावर चालायला गेले एवढंच त्यांचं म्हणणं होतं. पुढं १९६५ मध्ये, त्याच २४ एप्रिलला, पेनाइन वे हा ४३१ किलोमीटरचा मार्ग खुला झाला. आमची शर्यत ज्या पेन-इ-गेंट डोंगरावरून गेली, त्याच्या माथ्यावरून तोच मार्ग जातो. आंदोलन करून तुरुंगात गेलेली माणसं आपल्याला नवी नाहीत. दर १७ जानेवारीला सीमालढ्यातल्या हुतात्म्यांना अभिवादन करणारी माणसं आपण. पण वाटेसाठी, नुसत्या चालायच्या हक्कासाठी कुणी तुरुंगात गेलं, हे वाचून मी तिथल्या ओल्या पायऱ्यांवर पाय जरा जपून टाकले.

आता आपल्याकडचं. श्रावण सोमवारी आमच्या गावातून वैजनाथच्या डोंगराला चालत जायची रीत आहे. शेतं कर्नाटकात, देऊळ चंदगड तालुक्यातल्या देवरवाडीच्या वर, म्हणजे महाराष्ट्रात. वाटेत हद्द कुठं लागते ते दाखवणारा दगडसुद्धा मी कधी पाहिला नाही. माणसं बांधावरून, ओढ्यातून, काजूच्या बागांतून जातात आणि कुणी अडवत नाही. सौंदत्तीच्या यल्लम्माला जाणाऱ्या बैलगाड्या सुगी झाल्यावर कुणाच्याही मोकळ्या रानात मुक्काम करायच्या. गाडी सोडायला परवानगी मागितली तर शेतकऱ्यालाच वाईट वाटायचं. हे सगळं आपण कायद्याशिवाय केलं, तुरुंगात न जाता केलं. इथल्या सहकाऱ्यांना मी ते अभिमानानं सांगते. इंग्लंडमधल्या डोंगरात मी दमून बसले तर येणारा-जाणारा दोनदा विचारतो, बरी आहेस ना म्हणून. आपल्याकडं तोवर तांब्याभर पाणी आलेलं असतं आणि पाहुणी कुणाची याची चौकशीही झालेली असते.

पण गेल्या वेळी गावी आले तेव्हा वैजनाथच्या वाटेवर दोन ठिकाणी तारेचं कुंपण लागलं होतं. एका जागी ले-आऊटचे सिमेंटचे खांब. शहराजवळच्या गावांत तर बायपास आणि प्लॉटांखाली पाणंदीच्या पाणंदी गेल्या. कुंपण घालणारा माझ्या ओळखीचा. त्याला मी दोष देत नाही, आणि तुम्हीही देऊ नका. १ मीटर रुंद आणि १०० मीटर लांब वाट काढली की जवळजवळ एक गुंठा जातो. ज्याच्याकडं वीसच गुंठे आहेत त्याचा विसावा भाग झाला तो. इंग्लंडमधल्या डोंगरातल्या शेतकऱ्याकडं शेकडो एकर, शिवाय फुलांचं गवत उशिरा कापावं म्हणून सरकार त्याला पैसे मोजतं. आणि ही कुरणं जपायची अक्कल तरी यांना कधी आली? १९३० च्या दशकानंतर या देशानं आपली ९७ टक्के अशी कुरणं नांगरून, खतं घालून संपवली, तेव्हा उरलेल्यांना पाट्या लागल्या. आपल्या शेतकऱ्याला वाटेसाठी एक रुपया न देता इंग्लंडचं उदाहरण ऐकवणं हा अन्याय आहे, आणि तसं कुणी ऐकवलं तर मी भांडते.

उंचीचंही सांगून टाकते, कारण फोटो बघून बऱ्याच जणांनी ‘केवढे डोंगर’ म्हणून लिहिलं. तिन्हीतला सर्वांत उंच व्हर्नसाइड, ७३६ मीटर. आपलं बेळगाव शहरच साडेसातशे मीटरच्या आसपास आहे. मात्र इथं सुरुवात खालच्या खोऱ्यातून होते, आणि उतरून पुन्हा चढायचं असतं, त्यामुळं मांड्या भरून येतात. जूनमध्ये वर गारठवणारा पाऊस. म्हणून डोक्यावरून घ्यायचं पावसाळी जाकीट, नकाशा, होकायंत्र, शिट्टी, जादा खाणं, एवढं पाठीवर नसेल तर सुरुवातीच्या रेषेवर उभंच करत नाहीत. कणकुंबीचा पाऊस अंगावर घेतलेल्या माणसाला हा पाऊस म्हणजे काहीच नाही. थंडी मात्र खरी आहे, तिथं मी वाद घालत नाही.

घरून एक प्रश्न नेहमी येतो. शर्यतीचे फोटो पाठवले तेव्हा मामा म्हणाले, “शेतात काम करायचं सोडून तिकडं जाऊन लोकांच्या शेतातनं पळतीस काय गे? वर पैसे भरून?” मामांचा मला राग नाही. आमच्याकडं पळणं म्हणजे भरतीच्या पोरांचं, पहाटे काळोखात सोळाशे मीटर, घड्याळ लावून. मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र ज्या गावात आहे तिथं ते साहजिकच आहे. नाहीतर नवरात्रातली दुर्गामाता दौड. पस्तिशीतल्या बाईनं, रात्रपाळीची नर्स असताना, सुट्टीच्या दिवशी डोंगरात पळायचं, याला आपल्याकडं नाव नाही आणि जागा नाही. आमच्या शिवारात मी एकटी पळाले असते तर संध्याकाळपर्यंत चार जणांनी आईला विचारलं असतं, काय झालं पोरीला. इथं कुणी विचारत नाही. हे मला हवं होतं, असं मी स्पष्ट सांगते. शेत दादा बघतो, बोअरला मोटर बसवायला मी पैसे पाठवले, पेरणीच्या दिवसांत रोज फोन असतो. धूळवाफ पेरणी झाल्यावर पाऊस लांबला की मलाही इथं झोप लागत नाही. शेत सोडलं असं मला कुणी म्हणू नये.

आणि बायकांनी पळायचं का, असं ज्यांना वाटतं त्यांच्यासाठी एवढंच: पेनाइन वेच्या वाटेवर दर जानेवारीत स्पाइन रेस होते, ४३१ किलोमीटर, बर्फात, काळोखात. २०१९ मध्ये ती जास्मिन पॅरिस या बाईनं सगळ्या पुरुषांच्या आधी संपवली, ८३ तास १२ मिनिटांत. तिची मुलगी तेव्हा अंगावर पीत होती. चेकपॉइंटवर थांबून तिनं दूध काढून ठेवलं आणि परत पळायला लागली.

हे सगळं आत्ता लिहायचं कारण, गावातल्या भरतीच्या पोरांनी परवा मेसेज केला. त्यांना पश्चिम भागातल्या डोंगरातून अशीच शर्यत भरवायची आहे आणि ‘अक्का, रूट पाठव’ म्हणतात. रूट माझ्याकडं नाही रे पोरांनो, तो तुमच्या आजोबांकडं आहे. पण एक गोष्ट इथं शिकले ती सांगते. २०२० मध्ये रॅम्बलर्स या चालणाऱ्यांच्या संस्थेनं जुने आणि नवे नकाशे ऑनलाइन शेजारी-शेजारी ठेवले आणि लोकांना म्हणाले, फरक हुडका. हजारो लोक घरात बसून हुडकत राहिले, आणि अधिकृत नकाशावर न चढलेल्या सुमारे ७९,००० किलोमीटरच्या वाटा त्यातून निघाल्या. आपली जुनी मोजणी मुंबई इलाख्याच्या काळातली. त्या गावनकाशांवर गाडीवाट दोन तुटक रेषांनी आणि पायवाट एका तुटक रेषेनं दाखवतात. म्हणजे आपल्या वाटासुद्धा कधीतरी कुणीतरी कागदावर मांडल्यात. उतारा कन्नडमध्येच मिळतो, मराठीत कागद मिळावा म्हणून आपली माणसं किती वर्षं अर्ज करतायत ते मला सांगायला नको. पण तुटक रेषा वाचायला भाषा लागत नाही. दादा आमच्या गावच्या नकाशाच्या नकलेसाठी अर्ज देतोय. तुमच्या तुमच्या गावचा तुम्ही द्या.

मग आजोबांना बरोबर घेऊन ती रेषा चालत जा. जिथं कुंपण लागेल तिथं मालकाच्या घरी जा, चहा घ्या, एका दिवसापुरतं विचारा. भांडायला जाऊ नका. खानापूरच्या बाजूच्या जंगलात वाट नेऊ नका. तिथं अस्वलं आहेत, वनखात्याची परवानगी वेगळी, आणि एवढा व्याप पहिल्या वर्षी झेपायचा नाही. जानेवारीत रान मोकळं असतं असं शहरातल्यांना वाटतं. भात निघालं की आपल्याकडं मसूर, वाटाणा पेरतात, हे तुम्हाला मी सांगायचं म्हणजे कमालच. तेव्हा मसूर निघाल्यावर, मार्चच्या शेवटी ठेवा. ऊन तापायच्या आत डोंगर उतरला पाहिजे, म्हणून सुरुवात पहाटे ५ ला, बॅटरी डोक्याला बांधून. पोरींची नावं आधी नोंदवून घ्या आणि त्यांची वेगळी छोटी शर्यत करू नका. त्याच वाटेनं, तेवढंच अंतर. कुणाचा वाटाणा अजून उभा असेल तर त्या शेतात एका रांगेत जायचं, पुढं काढायचं नाही, आणि हे नावनोंदणीच्या कागदावरच लिहा. मार्चच्या शेवटच्या आठवड्याची रजा मी इथं मागून ठेवलीय.