मोठीमाय, वायंडिंगची तार आणि मेंदूतलं कोटिंग

आमच्या मोठीमायला अल्झायमर आहे हे कळून दोन वर्षं झाली. अमळनेरला गेलो की दारातच विचारते, "कोना पोऱ्या शे तू?" मी सांगतो, दहा मिनिटांनी परत सांगतो. पण मागच्या आखाजीला काकूने सहज पुरणाचा उंडा तिच्या हातात दिला तर बाईने मांडा असा काही फिरवला हातावर की तो खापरावर पडेपर्यंत सगळे नुसते बघत राहिले.

नातू आठवत नाही आणि मांडा आठवतो, हे काय गणित आहे म्हणून वाचत बसलो. (डॉक्टर नाही मी, काकाच्या मोटर रिवायंडिंगच्या दुकानात वाढलेला माणूस.)

1906 साली अलॉइस अल्झायमरने या आजाराची पहिली केस मांडली, तेव्हापासून सगळी चर्चा न्यूरॉनची, म्हणजे मेंदूतल्या तारेची. तारेवरच्या कोटिंगकडे म्हणजे मायलिनकडे बरंच उशिरा लक्ष गेलं. आपल्या वायंडिंगच्या तांब्याच्या तारेला इनॅमल असतं ना तसंच, फक्त ते इनॅमल निर्जीव आणि हे मायलिन जिवंत पेशीचं, ऑलिगोडेंड्रोसाइट नाव तिचं, एकेक पेशी पन्नासेक तारांना गुंडाळते आणि वरून त्यांना खायलाही पुरवते. कोटिंग नीट असलं की सिग्नल उड्या मारत जातो, गेलं की रखडत.

आणि गंमत म्हणजे हातपाय हलवणाऱ्या भागांवर हे कोटिंग लहानपणीच चढतं, आठवण-विचार जुळवणाऱ्या भागांवर मात्र तिशी-चाळिशीपर्यंत चढत राहतं. शेवटी चढलेलं आधी उतरतं असं काही शास्त्रज्ञांचं म्हणणं आहे, अल्झायमरमध्ये हेच उशिराचे भाग आधी बिघडतात आणि हात बरेच दिवस टिकतात. मला तरी मांड्याचं उत्तर इथेच सापडलं.

2023 मध्ये जर्मनीत ग्योटिंगेनच्या लोकांनी उंदरांवर दाखवलं की मायलिन बिघडलं तर अमायलॉइडचा (अल्झायमरमध्ये मेंदूत साचणारं प्रथिन) गाळ जास्त साचतो, कारण मेंदूतल्या सफाईवाल्या पेशी मायलिनचा कचरा उचलण्यातच गुंततात आणि गाळ तसाच पडून राहतो, अगदी आपल्या नगरपालिकेसारखं. पुढच्या वर्षी अजून एक निघालं, ऑलिगोडेंड्रोसाइट स्वतःही थोडा अमायलॉइड बनवतात. म्हणजे कोटिंगवालाच कचराही टाकतोय, आता कोणाला बोलणार! तारेला आधी मार बसतो की कोटिंगला, यावर अजून वाद चालूच आहे.

हे वाचल्यापासून एक झालं, तिला काही विचारलं की मी लगेच दुसरा प्रश्न टाकत नाही. तरी परवा चुकलोच. विचारलं, बोरीकाठच्या वावरात आजोबा काय लावायचे? ती नुसती बघत राहिली, तेवढ्यात टाकी भरून वाहायला लागली म्हणून मी मोटर बंद करायला पळालो, परत आलो तर माझ्या रिकाम्या खुर्चीकडे बघून ती सांगत होती, "भुईमूग."