काड्यांचे दिवस

नागपूरकरांना पानगळ नवी नाही. फेब्रुवारी संपता संपता पेंचच्या रस्त्याला लागलं की जंगलातला साग उघडा पडायला लागलेला असतो आणि त्याबद्दल कोणी हळहळत नाही. जंगल आहे, त्याचं ते बघून घेईल. तेच कंपाउंडच्या आत घडलं की मात्र माणसाला चैन पडत नाही. नर्सरीतून पैसे मोजून आणलेल्या झाडानं बाराही महिने हिरवं राहावं, अशी आपली सरळ अपेक्षा असते. सावनी हे फुलझाड ती दर हिवाळ्यात मोडतं.

सावनी ही तामणाची जवळची नातलग. तामण महाराष्ट्राचं राज्यफूल, त्यामुळे त्याला शाळेच्या तक्त्यावर जागा आहे. विदर्भाच्या जंगलातला लेंडियाही यांच्यातलाच, पण त्याला लाकडापलीकडे कोणी विचारत नाही. सावनी मूळची चीनकडची. लिनियसनं १७५९ साली तिचं शास्त्रीय नाव नोंदवलं. त्याचा पहिला भाग स्वीडिश ईस्ट इंडिया कंपनीच्या एका संचालकाच्या आडनावावरून आला आहे. मोठ्या गोतावळ्यात मेंदी आहे, डाळिंब आहे, धायटी आहे आणि भंडाऱ्याकडच्या तळ्यांमधला शिंगाडासुद्धा आहे. शिंगाड्याचं मला अजूनही नवल वाटतं. डाळिंबाचं मात्र लगेच पटतं, कारण पाकळ्यांची चुरगळ दोघींकडे आहे. सावनीच्या फुलाला बहुधा सहा पाकळ्या, प्रत्येकीला बारीकशी दांडी आणि वर नुसत्या चुण्या. पिळून तशीच वाळत घातलेली जॉर्जेटची ओढणी जणू. मधे पिवळ्या आखूड केसरांचा झुबका असतो, तो मधमाश्यांना बोलवायला आणि खाऊ घालायला. बाहेरचे लांब, बाकदार केसर वेगळे. माशी मधल्या झुबक्यात गुंतली की हे तिच्या अंगाला परागकण फासतात. जेवायला घालून काम करून घ्यायची ही पद्धत मला फार आवडते.

पण हे सगळं पावसाळ्यातलं. डिसेंबरात थंडी चांगली पडली तर पानं आधी तांबूस होतात आणि मग गळतात. २०१८ च्या डिसेंबरात नागपूरचा पारा ३.५ अंशांपर्यंत उतरला होता. एरवी इतकी थंडी कुठली, त्यामुळे कधी कधी पानं रंगाचा देखावा न करताच गळून जातात. उरतात त्या काड्या आणि त्यांच्या टोकांना उकललेली बोंडं. आमच्याकडे येणारा माळी दरवर्षी कमरेवर हात ठेवून तेच विचारतो, "काकू, हे तं वाळलं जी. उपटू काय?" मी दरवर्षी नखानं साल जराशी खरवडून दाखवते. खाली हिरवं निघतं. तो मान डोलावतो, पण त्याचा विश्वास बसलेला नसतो.

गंमत अशी की साग आणि सावनी, दोघंही पानं टाकतात, पण कारणं वेगळी. सागाला भीती कोरड्या उन्हाळ्याची. पानं असली की पाणी उडणार, म्हणून तो ती उतरवून जून उजाडायची वाट बघतो. सावनीच्या पूर्वजांनी थंडीशी जुळवून घेतलेलं. म्हणून इकडे पळस फुलू लागला की ही फुटायला लागते, आणि मेमध्ये पारा ४५ ओलांडतो तेव्हा ही बाई अंगभर पानं लेवून भर उन्हात उभी. ऊन तिला हवंच असतं, दिवसाचं सहा तास तरी. पण त्या दिवसांत मुळाशी ओल टिकली पाहिजे. आपल्या काळ्या मातीला उन्हाळ्यात भेगा पडतात आणि पावसाळ्यात तीच माती पाणी धरून बसते, म्हणून लावतानाच खड्ड्यात रेती, थोडा मुरूम आणि शेणखत मिसळलेलं बरं. वर पालापाचोळ्याचा थर. आणि कूलरच्या टाकीचं उरलेलं पाणी झाडांना घालायची आपली जी काटकसर आहे, ती सावनीपुरती आवरा. पाणी उडून जातं, क्षार टाकीत साठत जातात. असं पाणी रोज मिळालं की पानांच्या कडा करपतात.

हिवाळ्यात मात्र पाणी कमी, खत बंद. हे काटोल-वरुडच्या संत्रावाल्यांना शिकवायला नको. पाणी तोडून झाडाला ताण द्यायचा, म्हणजे बहार धरतो, हे त्यांच्या पिढ्यान्‌पिढ्यांचं गणित. अंबिया बहारासाठी हिवाळ्यात ताण, मृग बहारासाठी उन्हाळ्यात. संत्र्याला विश्रांती मुद्दाम द्यावी लागते, सावनी ती आपणहून घेते. एवढाच फरक. तरी ज्यांच्या घरी गावाकडे संत्र्याची बाग आहे, अशी माणसंही शहरातल्या अंगणात काड्या दिसल्या की पाइप घेऊन धावतात.

छाटणीवरून भांडण होतंच. सावनीला फूल येतं ते त्याच वर्षीच्या नव्या फुटीवर, म्हणून जानेवारीअखेर छाटायचं, यावर दुमत नाही. किती छाटायचं, यावर आहे. आमच्या माळ्याचा हात सढळ. त्याचं चाललं तर तो सगळं कमरेएवढं सपाट करून मोकळा होईल. तसं केलं की छाटल्या जागी गाठी येतात, त्यातून लांब लवचीक फोक सुटतात, आणि जुलैच्या सरीनं भिजलेले तुरे पेलवले नाहीत की ते जमिनीला टेकतात. मी बारीक काड्या काढते, एकमेकींवर घासणाऱ्या फांद्या काढते, बुडातून निघालेले फुटवे काढते. जाड खोडाला हात लावत नाही, कारण त्याची साल पापुद्रे टाकून इतकी गुळगुळीत होते की हिवाळ्यात बघायला तेवढंच असतं आणि तेवढं पुरतं. युरियाची मूठ फेकणाऱ्यांशी मी बोलणं सोडलं आहे. पानं भरघोस येतात आणि फुलं रुसतात.

मग पाऊस. गुलाबी, जांभळे, पांढरे तुरे पोळ्यापर्यंत सहज चालतात; पहिला बहर सरल्यावर बोंडं धरायच्या आत तुरे खुडले तर दुसरा बहर येतो. झड लागली आणि हवा कोंदट झाली की पानांवर भुरी, म्हणजे पिठासारखी पांढरी बुरशी चढते, विशेषतः भिंतीच्या सावलीत. मोकळ्या जागेत लावलं असेल तर तीही फार त्रास देत नाही.

रोप मागायला लोक याच दिवसांत येतात. फाटकाशी गाडी थांबवून, फोटो काढून, "काकू, एक फांदी द्या ना" म्हणतात. मी जानेवारीत बोलावते. छाटणीत निघालेल्या पेन्सिलीएवढ्या जाड, वीतभर काड्या रेतीत खोचल्या की सहज मुळं धरतात. नेणाऱ्याला फक्त खालची बाजू कुठली ते लक्षात ठेवायचं. जानेवारीत मी जुडी बांधून ठेवते, फोन करते. परवा एक बाई आल्या, जुडी उलटसुलट करून पाहिली आणि म्हणाल्या, "काकू, मागच्या वेळी पाहिलेलं ते दुसरं होतं ना? फुलांचं?"