शिवणीतल्या चुका आणि कापडाची वही

वस्त्रशास्त्राच्या पदवीला गेलं की पहिल्या सेमिस्टरपासून दोन खोल्या वाट्याला येतात. एकीत सूक्ष्मदर्शक, तराजू, बर्नर आणि तंतूंचे नमुने. दुसरीत मशीनं, कापायची मोठी टेबलं आणि इस्त्री. वेळापत्रक वेगळं, परीक्षा वेगळी, बहुधा शिकवणारेही वेगळे. मग डोक्यातही दोन खाती उघडली जातात: एक विषय पाठ करायचा, दुसरा हाताने करायचा. नुकसान इथेच होतं. शिवण गोळा होते, बाही मुंढ्यात बसत नाही, पहिल्या धुण्यानंतर बाजूची शिवण पोटावर येते, आणि विद्यार्थी आपल्याच हाताला दोष देत राहतो. त्या चुकांपैकी बऱ्याचशांचं कारण त्याने पहिल्या खोलीत बसून स्वतःच लिहून घेतलेलं असतं.

म्हणून कात्री उचलण्याआधी कापडाचा १० सेंटिमीटर बाजूचा एक चौकोन धाग्याच्या सरळ रेषेत कापून घ्या आणि सुईच्या टोकाने त्याचे धागे सोडवा. आधी उभ्या बाजूचे पाच-सहा, मग आडव्या बाजूचे. दोन्ही शेजारी ठेवून बघा. ताण्याचा, म्हणजे उभा, धागा बहुधा जास्त पिळाचा आणि चिवट असतो, कारण मागावर तो सतत ताणात असतो. बाण्याचा, म्हणजे आडवा, त्यामानाने मऊ. आता एक धागा चिमटीत धरून, फक्त वळणं निघतील इतपतच सरळ करा आणि मोजा. चौकोन १० सेंटिमीटरचा, पण धागा १०.६ भरेल. ही ६ टक्के जास्तीची लांबी म्हणजे धाग्याने एकमेकांवरून जाताना घेतलेली नागमोड. कापड पाण्यात गेलं की सुती धागा फुगतो, त्याला दुसऱ्या धाग्यावरून जायला जास्त वळसा घ्यावा लागतो, नागमोड वाढते आणि कापड आटतं. शिवाय मागावर आणि फिनिशिंगमध्ये ताणलेला धागाही पाण्यात सैल होऊन मूळ जागी येतो. आटणं बहुतेक वेळा लांबीत जास्त दिसतं ते यामुळे.

किती आटेल ते अंदाजाने ठरवू नका. धुऊन न जाणाऱ्या शाईने २५ सेंटिमीटर अंतरावर खुणा करा, तयार कपडा जसा धुतला आणि वाळवला जाणार आहे तसाच हा तुकडा धुवा-वाळवा आणि पुन्हा मोजा. २४.२५ आलं तर ३ टक्के. आकडा छोटा वाटतो, पण १०० सेंटिमीटर लांबीच्या पँटला ३ सेंटिमीटर म्हणजे घोट्यावरून वर सरकलेला पाय. अस्तराची चाचणी वेगळी करा. वरचं कापड आटलं आणि अस्तर आटलं नाही, तर ते खालून लोंबतं आणि तेव्हा उसवण्याशिवाय इलाज नसतो.

तंतू ओळखायची जाळण्याची परीक्षा सगळेच करतात. धागा चिमट्यात धरा, जवळ पाणी ठेवा. कापूस आणि विस्कोस कागदासारखे जळतात आणि मऊ राख उरते. लोकर आणि रेशीम केस जळल्याचा वास देतात, ज्योत काढली की बहुधा विझतात आणि बोटांत चुरडला जाणारा काळा गोळा सोडतात. पॉलिस्टर वितळतं, काळा धूर येतो आणि गार झाल्यावर कठीण मणी उरतो. मिश्र सुतात मात्र दोन्हींची सरमिसळ दिसते, आणि ताणा एका तंतूचा व बाणा दुसऱ्याचा असेल तर अख्खा तुकडा जाळून काहीच नीट कळत नाही. म्हणून दोन्ही धागे वेगवेगळे जाळा.

या परीक्षेचा शिवणकामाशी संबंध कुठे येतो, तर बाहीत.

बाहीची वरची गोलाई मुंढ्याच्या घेरापेक्षा मुद्दाम थोडी मोठी ठेवतात, म्हणजे खांद्याच्या उंचवट्यावर कापडाला जागा मिळते. पुस्तकातल्या आराखड्यात ही वाढ साधारण ३ ते ४ सेंटिमीटर असते. लोकरीच्या कापडात ती सहज जिरते. लोकर प्रमाणित हवेत स्वतःच्या कोरड्या वजनाच्या सुमारे १६ टक्के ओलावा धरते. वाफ दिली की तंतू लवचीक होतात, गोळा केलेलं कापड इस्त्रीच्या उबेत दाबून बसवता येतं आणि गार होईपर्यंत हलवलं नाही तर तसंच राहतं. पॉलिस्टर ओलावा धरतं जेमतेम ०.४ टक्के. त्याच्या घट्ट विणीच्या पॉपलिनला कितीही वाफ द्या, ती ४ सेंटिमीटर कुठेच जात नाहीत. टीप मारल्यावर माथ्यावर बारीक चुण्या दिसणारच. अशा कापडात बाहीची उंची थोडी कमी करून वाढ १ ते दीड सेंटिमीटरवर आणायची, म्हणजे आराखडाच बदलायचा. ज्याने तंतू ओळखला नाही, तो तीच बाही चार वेळा उसवून चार वेळा लावतो. शेवटी कापडाची कडच विरते.

बाही लावताना गोलाईवर दोन लांब टिपा घाला, ४ मिलिमीटर टाक्याच्या, एक शिवणीच्या रेषेच्या किंचित आत आणि एक किंचित बाहेर. आराखड्यावरच्या पुढच्या आणि मागच्या खुणांच्या खाली, काखेकडच्या भागात, अजिबात गोळा करू नका. तिथला धागा तिरका नसतो, तिथे वाढ जिरत नाही. सगळी वाढ खुणांच्या वर, जिथे गोलाई उरेबाकडे, म्हणजे धाग्यांना तिरक्या दिशेकडे, झुकते तिथे वाटा. शिवताना बाहीचा भाग खाली, मशीनच्या दात्यांकडे ठेवा. दाते खालचा थर थोडा जास्त ओढून घेतात आणि तो जास्तीचा भाग तेच सामावून टाकतात.

दात्यांची हीच ओढ सरळ शिवणीत मात्र त्रास देते. शिवण गोळा झाली की बहुतेक जण हात लावतात तो वरच्या धाग्याच्या ताणाला. पण गोळा होण्याची कारणं किमान चार आहेत आणि प्रत्येकावरचा उपाय निराळा. आधी निदान करा. शिवलेल्या पट्टीचे टाके दर दोन-तीन टाक्यांवर कापा. कापड लगेच सपाट पडलं तर दोष धाग्याच्या ताणाचा. टाके काढल्यावर एक थर दुसऱ्यापेक्षा लांब निघाला तर थर पुढे सरकण्यात फरक पडला आहे. दाबपट्टीचा दाब कमी करा आणि दोन्ही थर हाताने ताठ धरा. टाके कापूनही सुरकुत्या राहिल्या, आणि तेच कापड उरेबात शिवल्यावर शिवण सपाट आली, तर कापडात धाग्याला जागाच नाही. घट्ट पॉपलिन किंवा बारीक तफेत्यात हे हमखास होतं: विणीत आधीच खच्चून भरलेल्या धाग्यांमध्ये आपला शिलाईचा दोरा घुसतो आणि त्यांना बाजूला ढकलतो. तिथे सुई ६० किंवा ७० नंबरची घ्या, दोरा बारीक घ्या, टाका जरा लांब करा. शिवण नवीन असताना छान दिसून धुतल्यावर गोळा झाली तर दोरा आटला आहे. सुती दोऱ्यात हे जास्त दिसतं.

सुईचे नंबर पाठ करण्याची गरज नाही, अर्थ लक्षात ठेवा: ८० नंबरची सुई म्हणजे ०.८० मिलिमीटर जाडीची, ९० म्हणजे ०.९०. साध्या मध्यम सुती कापडाला ८०, डेनिमला १००, आणि होजिअरीला, म्हणजे फासांनी विणलेल्या कापडाला, गोल टोकाची. टोकदार सुई होजिअरीचे फास तोडते. भोक लगेच दिसत नाही, धुतल्यावर उसवत जातं.

धाग्याचा ताण तपासायची एक जुनी, अगदी भरवशाची रीत आहे. एकाच जातीचे पण दोन रंगांचे दोरे वर आणि बॉबिनमध्ये घाला. कापडाचा तुकडा उरेबात दुमडून त्यावर टीप मारा आणि शिवण दोन्ही टोकांनी झटक्यात ओढा. जो दोरा आधी तुटेल त्याचा ताण जास्त. दोन्ही एकदम तुटले किंवा एकही तुटला नाही, तर मशीन ठीक आहे.

डार्ट, म्हणजे कापडाला गोलाई देण्यासाठी शिवलेली निमुळती चुणी, हा पहिल्या वर्षाचा दुसरा अडलेला विषय. चूक टोकाशी असते. रुंद बाजूने शिवत या. टोकाच्या आधीचे शेवटचे तीन-चार टाके दुमडीच्या अगदी कडेवर, जवळजवळ दुमडीला समांतर पडू द्या आणि कापडाबाहेर निघून जा. टोकाशी उलट टीप मारू नका, तिथे गाठ जाड होते आणि बाहेरून खळी दिसते. दोरे ८-१० सेंटिमीटर सोडा आणि हाताने गाठ मारा. छातीचा डार्ट छातीच्या बिंदूपर्यंत नेऊ नका, २ ते ३ सेंटिमीटर आधी थांबवा. मग इस्त्री: आधी डार्ट बंद असताना टाके कापडात बसतील असं दाबा, नंतर गोल उशीवर ठेवून डार्ट बसवा, उभा असेल तर मध्याकडे आणि आडवा असेल तर खाली. सपाट टेबलावर दाबलात तर एवढ्या मेहनतीने घडवलेली गोलाई तुम्हीच मोडता.

कापणीबद्दल एकच आग्रह. आराखड्यावरच्या, उभ्या धाग्याची दिशा दाखवणाऱ्या बाणाची दोन्ही टोकं कापडाच्या किनारीपासून फूटपट्टीने मोजा. वर २२ आणि खाली २१.५ असेल तर तो तुकडा अजून कापू नका. पँटच्या एकाच पायात अशी गफलत झाली की तो पाय चालताना पिळतो आणि कुठल्याही शिवणीने सरळ होत नाही. आणि होजिअरी असेल तर आधी तिचा धुऊन घेतलेला तुकडा बघा. साध्या विणीच्या जर्सीत सुताला राहिलेला पीळ धुताना सुटू पाहतो, फासांच्या रांगा तिरप्या होतात, आणि बाजूची शिवण पोटाकडे सरकते. हा दोष शिवणाऱ्याचा नसतो, पण धुतलेला तुकडा बघितला असता तर ते कापड टी-शर्टसाठी निवडलंच नसतं.

नमुन्यांची फाइल बहुतेक जण सुबक दिसावी म्हणून करतात. माझ्या मते तिचा खरा उपयोग बिघडलेल्या नमुन्यांत आहे. प्रत्येक नमुन्याखाली तंतू, वीण, इंचाला उभे-आडवे धागे, चौरस मीटरचं वजन, सुई, टाक्याची लांबी आणि काय बिघडलं ते लिहा. वजन काढणं सोपं आहे: १०० चौरस सेंटिमीटरचा गोल कापा, ग्रॅममध्ये तोला आणि १०० ने गुणा. १.४२ ग्रॅम भरला तर १४२. चांगल्या नमुन्याशेजारीच गोळा झालेला नमुना चिकटवा, त्याचा दोरा काढू नका.

उरेबात कापलेला स्कर्ट शिवून झाला की लगेच खालची पट्टी दुमडू नका. कमरेवर टांगून किमान २४ तास लटकू द्या. ज्या भागात उरेब आहे तो स्वतःच्या वजनाने उतरतो, जिथे धागा सरळ आहे तिथे जवळजवळ काहीच होत नाही, आणि घेर खालून लाटेसारखा दिसायला लागतो. मग तो अंगावर चढवून जमिनीपासून उभी पट्टी फिरवत सगळीकडे सारख्या उंचीवर खडूची खूण करा आणि त्या खुणेखाली माया, म्हणजे दुमडायला लागणारं जास्तीचं कापड, ठेवून कापा.