वाटेत मेलो तरी गाडी ओढीन

१८५६ मध्ये मॉर्मन, म्हणजे अमेरिकेत निघालेल्या एका ख्रिस्ती पंथाचे लोक, हातगाड्या ओढत चालत गेले, त्याबद्दल कुठेही वाचायला घेतलं की आधी बर्फच समोर येतो, वायोमिंगमधलं वादळ, गोठलेली माणसं, मदतीला धावून आलेले घोडेस्वार. ते सगळं खरंच आहे. पण माझ्या डोक्यात रुतून बसलीये ती गोष्ट बर्फाच्या चार महिने आधीची आहे. एका मुलीनं लिहिलेलं पत्र आणि त्यावर छापून आलेलं उत्तर.

मुलीचं नाव पेशन्स लोडर, जन्म १८२७, गाव इंग्लंडमधल्या ऑक्सफर्डशायरमधलं अ‍ॅस्टन रोवंट. वडील जेम्स हे एका जमीनदाराच्या इस्टेटीवर माळी होते, कित्येक वर्षं एकाच ठिकाणी नोकरी. सगळं घर हळूहळू मॉर्मन झालं आणि मग तेव्हाच्या इंग्लंडमधल्या हजारो मॉर्मनांसारखं त्यांनाही अमेरिकेतल्या युटामध्ये, सॉल्ट लेकला जायचं होतं. थोडक्यात मागचं सांगते, जोसेफ स्मिथनी १८३० मध्ये न्यूयॉर्क राज्यात हा पंथ काढला, १८४४ मध्ये इलिनॉयमध्ये जमावानं त्याला मारलं, १८४६ पासून त्यांना नॉवू शहर सोडावं लागलं आणि १८४७ मध्ये ब्रिगहॅम यंग लोकांना घेऊन पार सॉल्ट लेकच्या खोऱ्यात पोचला. तेव्हापासून युरोपातल्या नव्या मॉर्मनांना तिकडे आणायचं काम सुरू होतं, त्यासाठी वेगळा फंडसुद्धा होता.

पण १८५५ मध्ये युटामध्ये दुष्काळ आणि टोळ, पैशाची चणचण, आणि बैल-वॅगन तर महाग. म्हणून हातगाडीची आयडिया आली. दोन चाकांची लाकडी गाडी, साधारण पाच माणसांत एक, माणशी १७ पौंड सामान म्हणजे आठ किलोसुद्धा नाही, अंथरूण-पांघरूण, कपडे सगळं धरून. रेल्वे आयोवा सिटीपर्यंत, तिथून पुढे सॉल्ट लेक सुमारे १३०० मैल, चालत. तंबू आणि पीठ न्यायला थोड्या वॅगन सोबत असायच्या, बाकी सगळं माणसांनीच ओढायचं.

लोडर कुटुंब तेव्हा न्यूयॉर्कला येऊन राहिलेलं. हातगाडीचं कळल्यावर पेशन्सनं बहिणीच्या नवऱ्याला, जॉन जेक्सला लिहिलं की हे कसं जमणार, आईला रोज उठून एवढं चालवणार नाही, आईवडिलांनाही हे होण्यासारखं वाटत नाही. मला तरी यात चुकीचं काहीच दिसत नाही, कुठलीही मुलगी हेच लिहील. पण हा जॉन मॉर्मनांच्या लिव्हरपूलच्या नियतकालिकात काम करायचा. जून १८५६ मध्ये पत्र आणि त्याचं कडक उत्तर दोन्ही तिथे छापून आलं, सगळ्यांसमोर. म्हणजे काय तर सासऱ्याची श्रद्धाच डळमळली असं.

पेशन्सनं म्हातारपणी आठवणी लिहिल्या त्यात हे आहे. वडिलांना ते फार लागलं. धर्म सोडल्याचा आरोप आपण सहन करणार नाही, आपण युटाला जाणार, वाटेत मेलो तरी हातगाडी ओढीन, असं ते म्हणाले. आणि तसंच झालं. तोच जॉन जेक्स, पेशन्सची बहीण झिल्फा आणि त्यांची लहान मुलगी फ्लोरा लोडर कुटुंबाच्याच तांड्यात होते, तांड्याचा पुढारी एडवर्ड मार्टिन. सुमारे ५७५ माणसं.

उशीर तर आयोवा सिटीलाच झाला होता. जहाजं उशिरा आली, गाड्या तयार नव्हत्या, ज्या बनवल्या त्या ओल्या लाकडाच्या, पुढे कोरड्या हवेत लाकूड आक्रसून मोडायला लागलं. जुलै संपता संपता निघाले. मिसूरी नदीकाठच्या फ्लॉरेन्सहून पुढे निघायला २५ ऑगस्ट उजाडला. तिथे थांबून हिवाळा काढता आला असता! त्यांच्या थोडं पुढे असलेल्या जेम्स विलीच्या तांड्यात लीव्हाय सॅव्हेज म्हणून एक अनुभवी माणूस होता, त्यानं फ्लॉरेन्सला उभं राहून सांगितलं की या दिवसांत म्हातारी माणसं आणि पोरं घेऊन निघालो तर खूप लोक मरतील. त्यालाच झापलं गेलं. मग तो म्हणाला की मी बोललो ते खरं आहे, पण तुम्ही जाणारच असाल तर मीही येतो. हा सॅव्हेज धर्मप्रचारासाठी कलकत्त्याला आणि ब्रह्मदेशात राहून नुकताच परतला होता, त्याच काळात ह्यू फिंडले नावाचा दुसरा मॉर्मन प्रचारक आपल्या मुंबई-पुण्यात फिरत होता, हे वाचून मी तर चाटच पडले. तर असा जग बघितलेला माणूस सांगतोय आणि कोणी ऐकत नाही.

झिल्फा वाटेतच बाळंत झाली, दुसरी बहीण टेमर आजारी, म्हणजे गाडीत ओझं वाढलं आणि ओढणारे हात कमी झाले. वडील ओढत राहिले, आधीच अशक्त, त्यात रेशन कमी. सप्टेंबरच्या शेवटी नेब्रास्कात ते गेले. शवपेटी कुठून आणणार, गोधडीत गुंडाळून पुरलं. वडिलांच्या अंगावर पडणाऱ्या मातीचा आवाज मी कधी विसरणार नाही, असं पेशन्स लिहिते. पुढे एक ओळ लिहून ती लगेच दुसऱ्या दिवसाच्या चालण्याकडे वळते, कारण दुसऱ्या दिवशी चालायचंच होतं.

मग १७ ऑक्टोबरला डियर क्रीकपाशी अजून एक निर्णय. माणसं थकलीत, गाड्या हलक्या करा, मोठ्या माणसाला फक्त १० पौंड. पांघरुणं, कपडे जाळून टाकले. आणि दोनच दिवसांनी, १९ तारखेला, नॉर्थ प्लॅट नदी ओलांडली आणि वादळ आलं. पेशन्स आणि बहिणी एकमेकींना धरून बर्फगार पाण्यातून चालत गेल्या, पलीकडे आईनं स्वतःच्या अंगावरचा एक घागरा आणि एप्रन काढून मुलींना दिला, ओल्या कपड्यांच्या आत घालायला. पिठाचं रेशन आधीच कमी केलेलं, ते अजून खाली आलं. रोज सकाळी तंबूत कोणी ना कोणी मेलेलं.

या आईबद्दल, एमीबद्दल, जास्त बोललं गेलं पाहिजे असं मला मनापासून वाटतं. हिलाच चालवणार नाही म्हणून तर पत्र लिहिलं होतं. एका सकाळी थंडीनं मुली उठायलाच तयार नव्हत्या, न उठणं म्हणजे काय ते तोवर सगळ्यांना कळलं होतं. आई म्हणाली चला मी तुमच्यासाठी नाचते, आणि नवरा जाऊन महिना होत आलेली ती बाई बर्फात गात गात नाचायला लागली, नाचता नाचता धपकन पडली. मुली घाबरून धावल्या तर ही हसतेय, म्हणे मला माहीत होतं मी नाचले की तुम्ही उठाल.

सॉल्ट लेकला हे तांडे मागे आहेत ते ऑक्टोबरच्या सुरुवातीला कळलं. ब्रिगहॅम यंगनं सभेतच सांगितलं की आधी जा आणि त्यांना घेऊन या, आणि ७ तारखेला पहिल्या वॅगन निघाल्या सुद्धा. नोव्हेंबरच्या सुरुवातीला स्वीटवॉटर नदीत मदतीला आलेल्या पोरांनी तासन् तास पाण्यात उभं राहून लोकांना पाठीवर पलीकडे नेलं. एमीनं एकाला देव तुझं भलं करो म्हटलं तर तो एक शिवी हासडून म्हणाला ते मला काही नको, आम्ही मदतीला आलोय. एमी म्हणाली किती आडदांड आहे हा! पुढे अशी कथा पसरली की तीनच पोरांनी सगळ्यांना नेलं आणि त्यामुळेच ती पोरं मेली, पण ते तसं नाहीये, मदत करणारे जास्त होते आणि त्यातले बरेचसे पुढे कित्येक वर्षं जगले. मला तो शिवी देणारा खरा पोरगाच जास्त आवडतो.

३० नोव्हेंबरला मार्टिनचा तांडा सॉल्ट लेकला पोचला. छोटी फ्लोरा एक आठवडा आधी गेली होती, जॉन जेक्सची मुलगी. साधारण १३५ ते १५० माणसं या एका तांड्यात मेली.

काही जण म्हणतात तेव्हाचा प्रवासच तसा होता, माणसं मरायचीच. मला हे अजिबात पटत नाही. त्याच वर्षी हातगाड्यांचा पहिला तांडा ९ जूनला आयोवा सिटीहून निघाला आणि २६ सप्टेंबरला सॉल्ट लेकला पोचला, स्वागताला बँड घेऊन ब्रिगहॅम यंग स्वतः. तसल्याच गाड्या, तोच रस्ता, तशीच इंग्लंडहून आलेली गरीब माणसं. त्याच सुमारास नेब्रास्कात जेम्स लोडरला मूठमाती देत होते. १८६० पर्यंत असे एकूण १० तांडे गेले, जवळपास ३००० माणसं, आणि एवढा मोठा संहार फक्त विली आणि मार्टिनच्याच तांड्यात झाला. म्हणजे जीव घेतला तो उशिरानं, आणि थांबूया म्हणणाऱ्याला श्रद्धा नसलेला ठरवण्यानं.