पडली की पडून आहे?

सिंधुदुर्गात किनाऱ्यालगतच्या एका आरोग्य केंद्रात मी रुजू होऊन जेमतेम दीड महिना झाला होता. मी घाटावरची, साताऱ्याकडची. आषाढातली दुपार, पत्र्यावर पाऊस कोसळत होता आणि फोनवर एक जण आपल्या आईबद्दल सांगत होता, "डॉक्टरांनू, आवस चार दीस पडान असा. पाय दुखतत तिचे."

"कुठे पडल्या?"

"घरातच."

वय साठीपुढचं, ओली जमीन. खुब्याचं हाड मोडलं असणार, हे मी मनात पक्कं करून टाकलं. केसपेपरवर 'पडल्याने दुखापत' लिहिलं आणि म्हटलं, "थेट एक्स-रे काढायला न्या."

ट्रे भरणाऱ्या सिस्टर थांबल्या. त्या इथल्याच. "मॅडम, ती पडूक नाय. पडान असा म्हणजे आजारी, अंथरुणार असा." माझ्या हातातून फोन घेऊन त्यांनी विचारलं, "ताप येता काय रे?" चार दिवस येत होता. त्याआधी काकी रोज लावणीला, गुडघाभर चिखलात.

तासाभरात रिक्षातून काकी आल्या. खुबा धड होता. पिंढरी हलकेच दाबली तर कळवळून पाय ओढून घेतला. डोळे लालभडक. लेप्टोचा, म्हणजे लेप्टोस्पायरोसिस या तापाचा, दाट संशय. उंदराच्या मुतातले जंतू शेतातल्या पाण्यातून पायाच्या भेगांत शिरतात, बहुधा 5 ते 14 दिवसांनी ताप भरतो आणि उशीर झाला तर मूत्रपिंडावर, यकृतावर जातं. रक्त तपासणीला पाठवलं, अहवालाची वाट न बघता इंजेक्शन सुरू केलं. केसपेपरवरची ती ओळ खोडताना माझा हात थरथरत होता.

'पडली' म्हणजे घडून गेलेलं, 'पडून आहे' म्हणजे अजून चालू असलेलं. साताऱ्यातही आम्ही असंच बोलतो. पण पावसाच्या आवाजात मी फक्त 'पड' ऐकलं आणि पुढचं स्वतःच भरलं. आपल्याकडे पाऊस पडतो, प्रश्न पडतो, विसर पडतो, माणूस आजारी पडतो. खाली आपटणं हा त्यातला एकच अर्थ.

काकी बऱ्या झाल्या. तेव्हापासून 'पडलो' म्हणणाऱ्या प्रत्येकाला मी विचारते, आधी पाय घसरला की आधी चक्कर आली? परवा ढोपर फुटलेले एक आजोबा म्हणाले, "डोळ्यांसमोर काळोख पडलो, मगे मी पडलंय."

त्यांचा ईसीजी आधी काढला, ढोपर नंतर धुतलं.